वारा कोणाच्या बाजूचा?

महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या गावांत महारवाडा पूर्वेला असे. वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून वाहतो. गावावरचा वारा वाड्यावर गेला तरी चालेल, वाड्यावरचा गावात येता कामा नये, असा तो हिशेब होता. आता मुंबईचा नकाशा पाहा. समुद्राची ताजी हवा आधी पश्चिमेला मिळते. देवनारचा कचरा डेपो आणि माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने पूर्वेला आहेत. शहरात झोपड्या तुटल्या, तेव्हा हजारो कुटुंबांना घरे दिली तीही माहुललाच.

हाच हिशेब जगाचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे ४२ लाख लोक अकाली मेले. त्यांतले ८९ टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. कारणे विचारली की चूल, कोळसा, वीटभट्ट्या, जुनी डिझेल वाहने, उघड्यावर जळणारा कचरा अशी यादी मिळते. यादी खरी आहे, पण अपुरी.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये विषारी धुक्याने हजारो माणसे मेली. १९५६ साली ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. आपला हवा कायदा १९८१ पासून आहे. तरी औष्णिक वीज केंद्रांच्या गंधकयुक्त धुरावर २०१५ साली घातलेल्या मर्यादांची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि २०२५ साली बहुतेक केंद्रांना गंधक रोखणारी यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली. सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा जागतिक संघटना ५ मायक्रोग्रॅम सांगते, आपले मानक ४० आहे. याला नुसती गरिबी म्हणता येणार नाही. ज्यांच्या छातीत हा धूर जातो, त्यांचा आवाज निर्णयाच्या टेबलापर्यंत पोचत नाही, हे खरे कारण आहे.

घरातला पहिला पदवीधर इथे उपयोगी पडू शकतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांपैकी अनेकांना पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि लेखी हरकत संबंधित व्यक्तींना नोंदवता येते. तो सारांश वस्तीत मोठ्याने वाचून दाखवा. हरकत लिहा, पोच घ्या. सर्वांत जवळचे हवामापन केंद्र वस्तीपासून किती दूर आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

वाऱ्याची दिशा आपल्या हातात नाही. धुराडे कुठे उभे राहणार, हे मात्र माणसे ठरवतात. त्या माणसांत आपण असलो पाहिजे.