पंधरा वर्षांची गाडी ठेवायची की काढायची? चाकूरमधून मांडलेला हिशोब

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते म्हणे.’ चाकूरला घरी गेले की हे वाक्य हमखास कानावर पडतं. आमच्या दारातली पेट्रोल कार २०११ ची, एमएच-२४ पासिंगची. यंदा तिची पंधरा वर्षं भरतायत. ‘आत्ताच काढून टाका, नंतर कुणी फुकटही घेणार नाही,’ असा सल्ला बाबांना दोघांनी दिला. त्यातल्या एकाचा धंदाच जुन्या गाड्यांचा आहे, हे सांगायला हवं.

मग खरंच गाडी भंगारात जाते का? नाही. हा गैरसमज आला कुठून, ते आधी पाहू.

दिल्लीचा नियम, चाकूरची भीती

दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली गेली होती. राष्ट्रीय हरित लवादाचे हे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवले. १ जुलै २०२५ पासून तर तिथल्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन देणंच बंद केलं होतं. लोक चिडले आणि काही दिवसांतच तो निर्णय थांबवावा लागला. टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर फिरल्या त्या बातम्या याच.

महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी वयोमर्यादा नाही. मोटार वाहन कायद्यानुसार पहिली नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर परिवहन कार्यालयात गाडी दाखवायची, निरीक्षकाने तपासून योग्य ठरवली की दरवेळी पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं.

बदललंय ते शुल्क. कारच्या नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये लागायचे, एप्रिल २०२२ पासून ५,००० लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक पायरी आणली. २० वर्षांपुढच्या कारला आता १०,००० रुपये, दुचाकीला २,००० रुपये. राज्याचा पर्यावरण कर याशिवाय. म्हणजे सरकार गाडी जप्त करत नाहीये, ती ठेवणं हळूहळू महाग करतंय.

तरी ५,००० रुपये पाच वर्षांत वाटले तर वर्षाला हजारच होतात. खरा फटका बसतो तो तारीख चुकली की. उशीर झाल्यास कारला दरमहा ५०० रुपये विलंब शुल्क आहे. शिवाय नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर दंड, आणि विम्याचा दावा अडकण्याची शक्यता. वैध नोंदणी नसलेल्या गाडीचा दावा नाकारणं योग्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलंय. आरसी बुकावरची तारीख आजच बघा. अर्ज (फॉर्म २५) मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो.

२०१९ च्या एप्रिलपूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते. कारसाठी ७४५ रुपये आणि वर जीएसटी. ती नसेल तर परिवहन कार्यालयातली बाकीची कामं अडतात.

हप्ता की गॅरेज?

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि ‘आता नवीनच घ्या’ हा सूर वाढला. आकडा मांडून बघू. चार लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो महिन्याला साधारण ८,४०० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे दर महिन्याला दीड क्विंटलहून जास्त सोयाबीन, वर्षाला जवळपास १९ क्विंटल, नुसत्या हप्त्याला. तेही हमीभाव मिळाला तर. गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर आमच्या भागात किती घरांना हे झेपेल?

याउलट जुन्या गाडीवर वर्षाला ३०,००० रुपये गेले तरी ते हप्त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी आहेत. अडचण वेगळीच आहे. हप्ता सांगून येतो, गाडीचं काम न सांगता येतं, तेही बहुतेक मे-जूनमध्ये, जेव्हा हातातला पैसा बी-बियाण्याला लागतो. म्हणून काम निघण्याची वाट न पाहता, माल विकला गेला की लगेच गाडीचं काम करून घेणं जास्त शहाणपणाचं.

पैसा आधी कुठे?

मराठवाड्यात माझं उत्तर आहे रेडिएटर. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि कूलंट कमी झालं की आपण बोअरचं पाणी ओततो. त्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, गाडी तापते आणि एक दिवस हेड गॅसकेट जातं. कूलंट, रबरी पाईप आणि थर्मोस्टॅट वेळेवर बदलणं काही हजारांत होतं, हेड उघडलं की खर्च कितीतरी पटींनी वाढतो. टायमिंग बेल्टचंही तसंच. तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. (काही गाड्यांना बेल्टऐवजी चेन असते, मिस्त्रीला विचारून घ्या.)

मग ब्रेक आणि टायर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दोन वर्षांनी बदला. टायरवर शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं. पूर्वी चाकूरहून लातूरला जाताना गाडी साठच्या पुढे जात नसे, आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर सहज शंभर गाठते. ब्रेक मात्र तेच, जुने.

पार्ट घेताना ‘कंपनीचा’ आणि ‘लोकल’ यांच्यामध्ये एक तिसरा पर्याय असतो. कार कंपनीला पार्ट पुरवणारे उत्पादक तोच पार्ट स्वतःच्या डब्यातही विकतात, बरेचदा स्वस्तात. आरसा, दरवाजा, सीट जुन्या बाजारातून आणायला हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. करापूर्वी १०,००० चा पार्ट १२,८०० ऐवजी ११,८०० ला पडायला हवा. पक्कं बिल मागा.

आणि ई-२० पेट्रोल?

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. ते आपल्याच भागातल्या उसापासूनही बनतं, ही गंमतच. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. जुन्या गाड्यांचं मायलेज ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकतं, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलंय. वर्षाला ५०० लिटर लागत असतील तर पाच टक्क्यांनी अडीच हजारांहून जास्त रुपये. २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅसकेट बदलावे लागू शकतात, असंही मंत्रालय म्हणतं. पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नका.

गाडी काढावीच अशी वेळ कधी येते? चासी गंजली असेल, किंवा इंजिनचं काम गाडीच्या किमतीएवढं सांगितलं असेल तेव्हा. सुरक्षिततेचा मुद्दाही खरा आहे. चालकासाठी एअरबॅग सगळ्या नव्या कारना बंधनकारक झाली ती जुलै २०१९ पासून. २०११ च्या बऱ्याच गाड्यांत ती नाहीच. रोज हायवेवर कुटुंब घेऊन जात असाल, तर बदलायला हे कारण पुरेसं आहे.

विकलीत तर नाव बदलल्याशिवाय सोडू नका. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गावातल्या भंगारवाल्याला दिलेली गाडीही कागदावर तुमचीच राहते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते.

बाबांनी गाडी ठेवायचं ठरवलंय. रेडिएटरचे पाईप आणि दोन टायर आधी, मग परिवहन कार्यालयात तपासणी. दरवाजाखालचा पत्रा गंजलाय, त्याचं काम सोयाबीन निघाल्यावर.