मासे उन्हाने मेले म्हणे!

तळ्यात मासे उलटे तरंगायला लागले की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: ऊन वाढलं, ऑक्सिजन कमी पडला. पंचनाम्यात तेच, बातमीत तेच. विषय संपला.

गेल्या उन्हाळ्यात अलिबागकडच्या एका ओळखीच्या दादांच्या तळ्यातलं जिताड्याचं बियाणं गेलं. पिल्लं गिरक्या घेत होती, अंग काळवंडलेलं, खाणं बंद. ऑक्सिजन कमी पडलेला मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करतो, हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण कागदावर आलं 'उष्णतेमुळे मरतूक'. नमुना घेतलाच नाही, कारण साहेबांसोबत बर्फाचा डबा नव्हता!

जिताड्याच्या पिल्लांनी अशा गिरक्या घेणं हे नोडाव्हायरसचं ओळखीचं लक्षण. हा विषाणू मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात घर करतो. दादांच्या तळ्यात तोच होता असं मी म्हणत नाही. तपासलंच नाही तर म्हणणार कसं?

आणि 'उष्णतेमुळे' म्हणजे नेमकं काय हो? माशाचं अंग पाण्याइतकंच गार नाहीतर गरम. त्यामुळे विषाणू किती वाढणार आणि मासा त्याला किती तोंड देणार, दोन्ही पाणी ठरवतं. ट्राउटला मारणारा व्हीएचएस थंड पाण्यातला, १५ अंशांच्या वर त्याचा जोर ओसरतो. नोडाव्हायरसचा आपल्याकडचा प्रकार २५ ते ३० अंशांत फोफावतो. म्हणजे आपलं कोकणच की! तिलापियाच्या विषाणूच्या साथीही उन्हाळी पाण्यातल्या. तो भारतात सापडलेला आहे, उजनीची चिलापी चवीने खाणाऱ्यांनी जरा कान टवकारावेत.

इस्राएलचं उदाहरण बघा. १९९८ साली तिथल्या कार्प माशांत कोय हर्पिस आला. हा साधारण १६ ते २८ अंशांतच मारतो. तिथल्या लोकांनी हे हेरलं. लहान मासे २२-२३ अंशांच्या पाण्यात काही दिवस आजारी माशांसोबत ठेवायचे आणि मग ३० अंशांच्या आसपासच्या तळ्यात हलवायचे. बरेच जगले, पुढे रोगाला टिकले. पण जगलेला मासा विषाणू अंगात बाळगून राहायचा, म्हणजे साथ लपूनच बसली. म्हणून पुढे विषाणू दुबळा करून लस बनवली. हे सगळं सुचलं कशामुळे? पाण्याचं तापमान मोजलं म्हणून.

लस म्हणजे बाटली आणली, टोचली, झालं, असं नसतं. सामनमध्ये लस टोचल्यावर दिवस गुणिले अंश असा हिशेब करतात. ५०० धरले तर १० अंशांच्या पाण्यात ५० दिवस थांबायचं. तोच आकडा आपल्या २८ अंशांच्या तळ्याला लावला तर १८ दिवस. पण थंड पाण्यातल्या माशाचा हिशेब जिताड्याला डोळे झाकून लावायचा का? तो आपल्याच पाण्यात तपासायला नको?

चेन्नईच्या सीबा संस्थेने नोडाव्हायरसवर टोचायची लस तयार केली आहे, कौतुकच आहे. पण अगदी बारीक पिल्लाला सुई टोचता येत नाही आणि मरतात मुख्यतः तीच. मग बियाणं देणाऱ्या नर-माद्यांची तपासणी कोण करतंय? मत्स्य संपदा योजना २०,०५० कोटींची. पिंजऱ्याला अनुदान, तळ्याला अनुदान, उद्घाटनाला फेटे. आणि मेलेला मासा बर्फात घालून प्रयोगशाळेत न्यायला माणूस नाही! माशांचं अभिमत विद्यापीठ मुंबईत वर्सोव्याला आहे. अलिबाग काही चंद्रावर नाही.

मागणी साधी आहे. अनुदानाच्या प्रत्येक पिंजऱ्याला, तळ्याला थर्मामीटर आणि नोंदवही सक्तीची करा. नमुना तपासल्याशिवाय पंचनाम्यात 'उष्णता' लिहायला बंदी घाला. बियाण्यासोबत विषाणू तपासणीचा दाखला द्या. आणि मत्स्यशेतकरी बंधूंनो, विषाणूवर अँटिबायोटिक ओतणं बंद करा, त्याने विषाणूला काही होत नाही, फक्त दुकानदाराचं भलं होतं.

दादांनी यंदा पुन्हा बियाणं सोडलंय, उसने पैसे घेऊन. थर्मामीटर दोरीला बांधून तळ्यात टाकलाय, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितात. काल संध्याकाळचा आकडा ३१.