न सांगितलेले एक वाक्य

माल उत्तम असावा, नवलाईचा असावा, आणि तरीही गिऱ्हाईकाने उंबरठ्यावरूनच परत फिरावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या पेढीने घेतला असेल. आज अशाच एका मालाची कथा सांगावयाची आहे.

राल्फ बेअर हे १९३८ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातील अभियंते. घरोघरचा दूरचित्रवाणी संच केवळ पाहण्यासाठीच का असावा, त्यावर खेळता का येऊ नये, हा विचार १९६६ मध्ये त्यांच्या मनात आला. सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी यंत्र सिद्ध केले. मॅग्नाव्हॉक्स कंपनीने त्याचे हक्क घेऊन सप्टेंबर १९७२ मध्ये ते 'ओडिसी' या नावाने बाजारात आणले. घरी खेळावयाचे जगातील हे पहिले व्हिडिओ गेम यंत्र. त्यात आवाज नव्हता, गुणांची मोजणीही नव्हती. पडद्यावर पांढरे ठिपके हलत आणि मैदानाचे चित्र असलेला पारदर्शक कागद काचेवर चिकटवावा लागे. किंमत सुमारे १०० डॉलर.

यंत्र कोणत्याही कंपनीच्या संचाला जोडता येत होते. परंतु ते विकले जाई केवळ मॅग्नाव्हॉक्सच्याच विक्रेत्यांकडे, आणि त्याच कंपनीचा संच सोबत घेतल्यास सवलत मिळे. साहजिकच अनेकांचा समज झाला, की हे दुसऱ्या संचावर चालणारच नाही. तो समज वेळीच दूर झाला नाही. १९७५ मध्ये उत्पादन थांबले, तोवर सुमारे साडेतीन लाख यंत्रे खपली होती.

त्याच वर्षीच्या नाताळात अटारीने 'पाँग'ची घरगुती आवृत्ती सिअर्स या सर्वपरिचित दुकानांतून विकली. सिअर्सची मागणी दीड लाखांची होती. अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल यांनी १९७२ मध्ये ओडिसीचे प्रात्यक्षिक स्वतः पाहिले होते. पुढे मॅग्नाव्हॉक्सने पेटंटच्या बळावर अटारीसह अनेकांकडून मोबदला मिळविला. मात्र न्यायालयातून पैसा आला, तरी बाजारातील पहिले स्थान परत आले नाही.

गैरसमजामुळे परतलेल्या गिऱ्हाईकाची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. ते शंका विचारीत नाही, तक्रार करीत नाही. निमूटपणे निघून जाते. म्हणून गादीवर नव्याने बसणाऱ्या आपल्या मुला-मुलींना भाव सांगावयास शिकविताना, गिऱ्हाईकाच्या मनातील न विचारलेला प्रश्न ओळखावयासही शिकवावे. 'हे आपल्या घरच्या संचावरही चालेल', एवढे एक वाक्य ओडिसीला पुरेसे होते.