गाडी विकली, किल्ली मात्र ठेवून घेतली

मोटारीची किल्ली हरवली तर तिची चिंता समाजवादी कार्यकर्त्याने का वाहावी, असा प्रश्न काही साथी विचारतील. ज्याच्या दारात मोटार आहे तो आपले पाहून घेईल, असे त्यांना वाटते. परंतु मोटार म्हणजे श्रीमंती हे समीकरण लांज्यासारख्या तालुक्यात केव्हाच मोडले आहे. आडवली किंवा विलवडे स्थानकावर उतरलेल्या चाकरमान्याला वाडीपर्यंत पोहोचवणारी, रात्रीअपरात्री आजाऱ्याला रत्नागिरीला नेणारी गाडी बहुधा कर्जावर घेतलेली, अनेकदा सेकंडहँड असते. तिचा मालक हाच तिचा चालक. ती चार दिवस उभी राहिली तर घरची चूल अडते. कर्जाचा हप्ता मात्र अडत नाही.

पूर्वी किल्ली म्हणजे खाचा पाडलेला धातूचा तुकडा होता. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर बसलेला किल्लीवाला कानस चालवून घटकाभरात तिची जोड करून देई. आज किल्लीच्या मुठीत एक सूक्ष्म चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. किल्ली फिरवताच कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपली सांकेतिक ओळख सांगते. ती ओळख इंजिनाच्या संगणकाला पटली तरच इंजिन चालू राहते. दारे उघडणारा रिमोट हा त्याच मुठीतला वेगळा भाग; त्याला बॅटरी लागते. नवी किल्ली गाडीला ओळखायला लावणे हे काम आता कानशीचे राहिलेले नाही. त्यासाठी विशिष्ट यंत्र लागते, अनेक गाड्यांना गुप्त क्रमांकही लागतो, आणि या दोहोंवर कंपनीचा ताबा असतो.

याचा अर्थ लांज्यात काय होतो ते पाहावे. सेकंडहँड गाडीबरोबर पुष्कळदा एकच किल्ली मिळते. ती हरवली की गाडी जागची हलत नाही. स्टिअरिंगला कुलूप असल्यामुळे टोचन लावून नेण्याचीही सोय राहत नाही. क्रेन बोलवावी लागते. कंपनीचे अधिकृत केंद्र बहुधा जिल्ह्याच्या गावी, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर दूर. तेथे कागदपत्रे द्यायची, किल्लीची मागणी नोंदवायची आणि ती येईपर्यंत वाट पाहायची. बिल हजारांत होते. किल्ली घडवायला जे श्रम आणि जो माल लागतो, त्याच्याशी या किमतीचा संबंध शोधू गेल्यास सापडत नाही.

अशा वेळी माणूस बाजारातल्या पर्यायी किल्लीकडे वळतो. तिचे दोष खरे आहेत. ते झाकण्याचे कारण नाही. पाते हलक्या धातूचे असेल तर लवकर झिजते आणि कुलूपही खराब करते. रिमोट दोन पावलांपलीकडे चालत नाही. दार उघडते, पण इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते. मूळ चिपची हुबेहूब नक्कल केलेली असेल तर गाडीला दोन किल्ल्यांतला फरक कळत नाही. मूळ किल्ली चोराच्या हाती पडली आणि ती बाद करायची म्हटले, तर तिच्याबरोबर नक्कलही बाद होते. शिवाय गाडीच चोरीला गेली तर भरपाई देण्यापूर्वी विमा कंपन्या सर्रास दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. म्हणजे गरजेपोटी घेतलेली स्वस्त किल्ली पुढे महाग पडण्याची भीती असतेच.

कंपन्या यावर बोट ठेवून म्हणतात: पाहा, म्हणूनच अस्सल किल्ली आमच्याकडूनच घ्या. हा युक्तिवाद उलटा आहे. ज्याने विहिरीला कुलूप लावले, त्यानेच डबक्याचे पाणी पिणाऱ्याला आरोग्याचे धडे द्यावेत, असा हा प्रकार आहे. तालुक्याच्या कारागिराला अधिकृत माहिती, यंत्र आणि प्रमाणित चिप उघड बाजारात मिळत नाही, म्हणून तो मिळेल ती चिप आणि मिळेल ते यंत्र वापरतो. निकृष्ट मालाचा हा बाजार मक्तेदारीनेच पोसला आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा सरळ आहे. गाडी घेताना ग्राहकापुढे दहा कंपन्या असतात. गाडी घेतल्यावर तिच्या किल्लीसाठी एकच उरते. पहिल्या बाजारातील स्पर्धेचे गोडवे गाणारेच दुसऱ्या बाजारात निर्वेध मक्तेदारी भोगतात. ही समाजवाद्यांची कल्पना नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या निकालात हेच मांडले आहे. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणाऱ्या चौदा मोटार कंपन्यांना आयोगाने २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. देशी-परदेशी हा भेद त्या यादीत नव्हता. टाटा, मारुती, महिंद्र यांच्या शेजारी टोयोटा, होंडा आणि फोर्ड होत्या. २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड व निस्सान यांच्याविरुद्धचे निष्कर्ष कायम ठेवले. दंडाची रक्कम मात्र कमी केली. इतर कंपन्यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. कंपनीला तारखा परवडतात. गाडी उभी असलेल्या चालकाला परवडत नाहीत.

कंपन्यांचे शेवटचे अस्त्र म्हणजे सुरक्षितता. माहिती खुली केली तर चोरांचे फावेल, असे सांगितले जाते. मग २०१३ साली इंग्लंडमध्ये काय घडले? अनेक कंपन्यांच्या गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या मेगामॉस क्रिप्टो या चिपमधील उणिवा बर्मिंगहॅम आणि नायमेखन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी शोधल्या. फोक्सवॅगनने न्यायालयाकडून त्यांच्या निबंधाच्या प्रकाशनावर मनाई मिळवली. अखेर २०१५ साली तो निबंध एक वाक्य वगळून प्रसिद्ध झाला. दुबळे कुलूप विकायचे आणि त्याचा दुबळेपणा सांगणाऱ्याचे तोंड बंद करायचे, याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

चोरीचा धोका खरा आहे आणि त्यावर उपायही आहे. भांडवलशाहीची पंढरी असलेल्या अमेरिकेत नॅशनल ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टास्क फोर्सच्या यंत्रणेतून नोंदणीकृत किल्ली-कारागिरांना किल्ल्यांचे सांकेतिक क्रमांक मिळतात. गाडीची मालकी तपासून कामाची नोंद ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर असते. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली सुमारे ८६ टक्के मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. तिथे जे चालते ते लांज्यात का चालू नये?

आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोटारी हे तिच्या चार क्षेत्रांपैकी एक होते. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर कंपन्या आपली माहिती आपल्या मर्जीने ठेवतात. मर्जी ही हक्काची जागा घेऊ शकत नाही. ज्याचे उल्लंघन केल्यास शिक्षा होते, तोच हक्क.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. गाडीबरोबर दोन किल्ल्या आणि किल्लीचा गुप्त क्रमांक मालकाला मिळालाच पाहिजे. सेकंडहँड गाडीच्या व्यवहारात तो नव्या मालकाकडे गेला पाहिजे. पर्यायी चिप व किल्लीला मानक ठरवून द्यावे. आय.टी.आय.मध्ये या कामाचे शिक्षण देऊन कारागिरांची नोंदणी करावी आणि त्यांना कंपन्यांनी रास्त दराने यंत्र व माहिती द्यावी. किल्लीचा दर अधिकृत केंद्राच्या दर्शनी भागावर लावावा.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न क्षुल्लक मानू नये. रिक्षा आणि वडाप चालकांच्या तळावर बसून तक्रारी लेखी घ्याव्यात, बिले जमवावीत आणि रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे ती प्रकरणे न्यावीत. आज किल्लीचा प्रश्न आहे. उद्या ट्रॅक्टरचा, पंपाचा आणि दवाखान्यातल्या यंत्राचा असेल. ज्या वस्तूचे पूर्ण दाम मोजले, तिची किल्ली जर विकणाऱ्याच्याच खिशात राहणार असेल, तर ती विक्री कसली? ते भाडेच झाले, आणि त्याचा दर ठरवणारा मालक दुसराच.