प्लॅस्टिकचा बर्फ आणि खरी हाडे

मे महिन्याची सुटी लागली की आपल्याकडून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमात हल्ली एक दिवस मॉलसाठी राखलेला असतो. पूर्वी राणीची बाग आणि चौपाटी झाली की मुंबई पाहून होत असे. आता मॉलच्या एखाद्या मजल्यावर कठड्याने वेढलेली पांढरीशुभ्र जागा असते आणि आत पोलादी पात्यांचे बूट घालून मुले धडपडत असतात. पाटी 'आइस स्केटिंग'ची असते, पण वाकून हात लावला तर गारवा लागत नाही. अनेक ठिकाणी तो बर्फ नसतोच, प्लॅस्टिक असते.

मुलांना त्यावर सोडावे का, असे दवाखान्यात बरेच जण विचारतात. माझे मत विचाराल तर जरूर सोडावे. पन्नाशीच्या आतल्या आणि धडधाकट आईवडिलांनीही उतरावे. मात्र हा बर्फ खोटा म्हणून पडणेही खोटे, अशी जी समजूत दिसते ती घातक आहे.

कृत्रिम थंडी निर्माण करून गोठवलेले पहिले स्केटिंगचे मैदान लंडनमध्ये 1876 साली जॉन गॅमजी यांनी सुरू केले. आपल्या देशात सिमल्याचे मैदान 1920 पासूनचे, तेथे हिवाळ्यात आपोआप गोठणाऱ्या पाण्यावर खेळ चालतो. प्लॅस्टिकचा प्रयोग 1960 च्या दशकातला. पण त्यावर सिलिकॉनचे वंगण सारखे फवारावे लागे आणि त्याला धूळ चिकटे. पुढे सुधारणा होत आजचे पॉलिइथिलीनचे, एकमेकांत अडकवायचे जाड तक्ते आले. त्यांना शीतयंत्र लागत नाही आणि पाणीही लागत नाही. आपल्याकडचा उन्हाळा आणि विजेचे बिल पाहता मॉलवाल्यांना हे सोयीचे वाटले तर नवल नाही. गंमत म्हणजे आम्हा डॉक्टरांना हे प्लॅस्टिक चांगले ओळखीचे आहे. याच जातीच्या अतिशय टणक पॉलिइथिलीनची वाटी ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांनी 1962 पासून कृत्रिम खुब्यात बसवली, आणि आज गुडघा बदलताना धातूच्या दोन भागांमध्ये तेच घालतात. घासले तरी लवकर झिजत नाही, हा त्याचा गुण. मऊपणा हा त्याचा गुण नव्हे. शिवाय या तक्त्यांखाली मॉलची फरशीच असते.

खऱ्या बर्फावर पात्याखाली पाण्यासारखा निसरडा पातळ थर असतो, त्यामुळे एका रेट्यात माणूस लांब जातो. प्लॅस्टिकवर घर्षण जास्त, म्हणून दर पावलाला मांडीने जोर लावावा लागतो. वेग कमी राहतो हे नवशिक्याच्या पथ्यावरच पडते. पण पाय लवकर थकतात, आणि थकलेला पाय घोट्यात कलंडतो. तिकीट तासाचे असले तरी पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर यावे. उरलेल्या वेळेचे पैसे गेले तर जाऊ द्यावेत; प्लॅस्टरचा खर्च त्याहून मोठा.

व्यायाम म्हणून यात मांड्या, नितंब, कंबर आणि तोल या सर्वांना काम मिळते. परंतु जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे आणि मोठ्यांना आठवड्याला निदान 150 मिनिटे हालचाल सांगते. वर्षातून एकदा मॉलमध्ये घसरून त्याची भरपाई होत नाही. ही करमणूक आहे, आणि खुर्चीत बसून वडापाव नि थंड पेय संपवण्यापेक्षा पुष्कळ बरी करमणूक आहे, एवढेच म्हणतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते. पाटीवर 'संपूर्ण कुटुंबासाठी' असे असते आणि कठड्याबाहेर आई सर्वांच्या चपला-पिशव्या सांभाळत उभी असते. पस्तिशीच्या बाईला उतरायला काय हरकत आहे? साडी आणि ओढणी पात्यात अडकते, त्या दिवशी कुर्ता-पायजमा घालावा. पिशव्या सांभाळायला वडिलांचेही हात आहेत. आजीला मात्र बाहेरच बसवावे. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे विरळ होत जातात आणि एका पडण्यात मनगट किंवा खुबा जाऊ शकतो. जुना मधुमेह असून तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनीही भाड्याच्या घट्ट बुटात पाय घालू नये. फोड आलेला कळतसुद्धा नाही.

या खेळातली नेहमीची दुखापत मनगटाची. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि शरीराचा सगळा भार तळव्यावर येतो. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी या अस्थिभंगाचे वर्णन 1814 मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या 81 वर्षे आधी, केले होते. म्हणून तोल जातोय असे वाटताच गुडघे वाकवून खाली बसते व्हावे, हनुवटी छातीशी घ्यावी आणि कुशीवर, मांडीच्या बाजूने पडावे. पडल्यावर मुठी मिटाव्यात, कारण मागून येणाऱ्याचे पाते बोटांवरून जाऊ शकते. आधी गुडघ्यांवर यावे, मग एक पाऊल टेकून उठावे.

लहान मुलाला कडेवर घेऊन तर अजिबात उतरू नये. हात धरून फिरवण्यातही धोका आहे. गेल्या उन्हाळ्यात चार वर्षांच्या एका मुलीला माझ्याकडे आणले. पडता पडता वडिलांनी तिला एका हाताने वर ओढले होते, तेव्हापासून तो हात ती हलवेना. नातेवाइकांनी तेल लावून चोळलेही होते. कोपराशी असलेल्या हाडाचे टोक त्याच्या बंधातून निसटले होते. ते जागेवर बसवताच दहा मिनिटांत तिने त्याच हाताने बिस्कीट घेतले. हाड मोडलेले असते, तर त्या चोळण्याने काय झाले असते याचा वाचकांनीच विचार करावा.

हेल्मेटबद्दल मॉलवाल्यांची बेफिकिरी मला पटत नाही. एका ठिकाणी मी मागितले, तर खिडकीवरचा मुलगा हसून म्हणाला, "साहेब, हा काय खरा बर्फ आहे?" तिकिटामागे मात्र 'स्वतःच्या जबाबदारीवर' हे बारीक अक्षरात छापायला ते विसरले नव्हते. पैसे घेणाऱ्याने हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे दिलेच पाहिजेत. ग्राहकांनी आग्रह धरल्याशिवाय ते मिळणार नाहीत. तोवर मुलाचे सायकलचे हेल्मेट घरून न्यावे, आणि भाड्याच्या बुटांसाठी स्वतःचे स्वच्छ मोजेही.

मूल मागे पडून डोके आपटले, तर 24 तास लक्ष ठेवावे लागते. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, जागे करूनही नीट जाग न येणे, झटके, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. परतीची एसटी रात्रीची असेल, तर बसमध्ये मूल दमून झोपले आहे की गुंगीत आहे हे आईलाही ओळखता येत नाही. डोक्याला जोराचा मार लागला असेल, तर गाडीत बसण्यापूर्वी त्याच शहरात डॉक्टरांना दाखवावे आणि गरज पडल्यास आरक्षण सोडून द्यावे.