जागा वाढवण्याआधी वॉर्डातले रुग्ण मोजा

प्रवेशाचे दिवस आले की गोंदिया, आमगाव, राजनांदगावहून ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "ताई, मुलीला नर्सिंगला घालायचंय. तुमच्याकडचं अमुक कॉलेज कसं आहे?" फी, हॉस्टेल, बस, नोकरीची हमी या सगळ्याची चौकशी त्यांनी आधीच केलेली असते. मी विचारते, "मुलगी पोस्टिंगला कोणत्या रुग्णालयात जाणार? तिथे तिच्यासोबत कोण उभं राहणार?" यावर बहुतेक पालक गप्प होतात. हे विचारायचं असतं, असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मी मूळची वर्ध्याची. लग्न होऊन भिलाईत आले, आधी वॉर्डात सिस्टर आणि मग ट्यूटर म्हणून इथेच काम केलं. त्या अनुभवावरून माझं ठाम मत आहे: नर्सिंग कॉलेजला किती जागा द्यायच्या हे वॉर्डातले रुग्ण आणि वॉर्डात उभ्या राहणाऱ्या शिक्षिका मोजून ठरवावं. वर्गखोल्या आणि संगणक नंतर मोजावेत.

हे भिलाईकरांना वेगळं पटवून द्यायची गरज नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या गॅस पाइपलाइनला आग लागली आणि भाजलेल्या कामगारांना सेक्टर ९च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात आणलं गेलं. अशा वेळी सिस्टरला काय काय यावं लागतं, ते पाहा. ६० किलो वजनाचा माणूस ४० टक्के भाजला, तर पार्कलंड सूत्राप्रमाणे पहिल्या २४ तासांत त्याला ९,६०० मिली सलाइन लागतं. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत द्यायचं, आणि हे तास भाजल्याच्या क्षणापासून धरायचे. वाटेत २ तास गेले असतील, तर ४,८०० मिली उरलेल्या ६ तासांत, म्हणजे तासाला ८०० मिली.

परीक्षेच्या पेपरात हे गणित कोणतीही अभ्यासू मुलगी सोडवते. वॉर्डात मात्र सुजलेल्या हाताला शीर सापडत नाही, रुग्ण थंडीने कुडकुडत असतो आणि नातेवाईक दारात रडत असतात. दर तासाला लघवी मोजायची असते आणि ती ३० मिलीच्या खाली गेली तर रात्रीचे तीन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवायचं असतं. अशा वेळी ट्यूटर शेजारी उभी राहून म्हणते, "सलाइन लावण्याआधी विचार, किती वाजता भाजला?" हे त्या खाटेजवळच शिकता येतं.

नियम करणाऱ्यांना हे कळत नाही, असं नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे एका विद्यार्थिनीमागे ३ रुग्ण आणि १० विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका हवी. परीक्षेला बसण्यासाठी थिअरीत ८० टक्के हजेरी पुरते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरावी लागते. २०२१मध्ये आलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात ८ सेमिस्टर आहेत आणि शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपसाठी ठेवलेलं आहे. कागदावर ही रचना चांगलीच आहे.

प्रत्यक्षात मी काय पाहिलं, ते सांगते. सकाळी बस येते, ३०-४० मुली उतरतात, सोबत एकच ट्यूटर. त्या एकीने चार वॉर्डांत कुठे कुठे पुरावं? एका खाटेभोवती आठ-दहा जणी उभ्या राहतात. एक जण बीपी बघते, बाकीच्या वहीत आकडा उतरवतात. दुसरीकडे याच्या उलट चालतं. खासगी रुग्णालयात पगारी सिस्टर कमी, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलीला नाइट ड्युटीला एकटी लावतात आणि त्याला ‘अनुभव’ म्हणतात. वर्ष संपत आलं की लॉगबुकं गोळा होतात आणि कधीही न केलेल्या प्रोसिजरपुढे एका संध्याकाळी सह्या पडतात. कॅथेटर कधीच न घातलेली मुलगी त्या सहीच्या जोरावर ‘प्रवीण’ ठरते आणि पुढे खऱ्या रुग्णावर पहिला प्रयोग करते.

प्लांटमध्ये नव्या ट्रेनीला भट्टीजवळ एकटं सोडलं तर फोरमनला जाब द्यावा लागतो. वॉर्डात शिकाऊ मुलीला एकटं सोडलं तर जाब कुणाला विचारायचा, हे आजही स्पष्ट नाही. चूक झालीच, तर बोट त्या मुलीकडेच दाखवलं जातं.

शेजारच्या मध्य प्रदेशात काय झालं, ते साऱ्या देशाने वाचलं. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने ३०८ नर्सिंग कॉलेजं तपासली. त्यातली १६९ योग्य ठरली, ७३मध्ये त्रुटी सापडल्या आणि ६६ अयोग्य निघाली. मे २०२४मध्ये तर या तपासात लाच घेतल्यावरून खुद्द सीबीआयच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. परीक्षा रखडल्या आणि नुकसान झालं ते मुलींचं. त्यांच्या आईवडिलांनी शेत गहाण टाकून फी भरलेली असते.

देशाला नर्सेस कमी पडतात, म्हणून कॉलेजं वाढलीच पाहिजेत, असं सांगितलं जातं. ते मला मान्य आहे. पण ती कशी वाढवायची, हेही सरकारला ठाऊक आहे. २०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली, ती २०१४नंतर उभ्या राहिलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून. म्हणजे आधी रुग्णालय, मग कॉलेज. खासगी कॉलेजांनाही हाच क्रम लागू करा.

माझ्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक कॉलेजने प्रवेशाआधी आपलं रुग्णालय, तिथल्या भरलेल्या खाटा आणि वॉर्डात जाणाऱ्या शिक्षिकांची संख्या जाहीर करावी. एकाच वॉर्डावर अनेक कॉलेजं हक्क सांगत असतील, तर त्या खाटा एकदाच मोजाव्यात आणि जागा वाटून द्याव्यात. तपासणीला येणाऱ्यांनी कॉलेजच्या ऑफिसात चहा घेण्याआधी, न कळवता, सकाळी आठ वाजता वॉर्डात जावं आणि तिथल्या मुलींना विचारावं, "आज तुला कुणी शिकवलं?"

ज्या कॉलेजच्या मुलींना याचं उत्तर देता येणार नाही, त्या कॉलेजचे पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबवले पाहिजेत.