बिदागी, उचल आणि हक्क

‘बिदागी’ हा आमच्या भाषेतील मोठा सभ्य शब्द आहे. गवयाने रात्रभर मैफल रंगवावी, पहाटे यजमानाने त्याच्या हाती नारळ व दक्षिणा ठेवावी, आणि उभयतांनी नमस्कार करून आपापल्या वाटेस लागावे, एवढा त्याचा अर्थ. मैफलीपुरता तो न्याय्यच आहे; कारण गायिलेले गाणे त्या रात्रीच विरून जाते व यजमानापाशी आठवणीखेरीज काही उरत नाही. परंतु जे गाणे विरत नाही, जे यंत्रात साठविले जाते आणि यजमानाच्या नातवासही उत्पन्न देत राहते, त्याच्या कर्त्यास बिदागी देऊन वाटेस लावणे हे सभ्यतेच्या शेल्याखाली झाकलेले अपहरण होय. चित्रपटांना, आणि अलीकडे संगणकावरील खेळांना, संगीत देणाऱ्यांच्या व्यवसायाविषयी आमची तक्रार ती हीच.

हा विषय बीड जिल्ह्यात बसून लिहावा याचे कोणास नवल वाटेल. मुंबई-पुण्याची ध्वनिमुद्रणगृहे येथून दूर आहेत खरी. पण या व्यवहाराचे मर्म बीडइतके दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यास कळणार? दसरा उलटला की येथील लाखो माणसे मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीस तेथे ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे हत्याराचे नाव राहते, माणसाचे जाते. त्या हालांशी संगीतकाराच्या दुःखाची बरोबरी करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. आम्ही तुलना करितो ती कराराच्या घडणीची. आज अंबाजोगाईचा किंवा परळीचा एखादा तरुण घरच्या संगणकावर संगीत रचून ते सातासमुद्रापलीकडील खेळ करणाऱ्यास पाठवू शकतो. त्याच्यापुढे जो कागद येतो त्यात बहुधा एवढेच असते की, सर्व हक्क, सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी, एका रकमेत दिले. ही उचलच नव्हे तर काय? आणि ऊसतोड्याची उचल निदान हंगामाअखेर फिटण्याची आशा असते. येथे हंगामास अखेरच नाही.

ही रीत पडली कशी, हे पाहण्यासारखे आहे. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली व १९३३ साली पुण्यास गेली. तिच्या ‘अयोध्येचा राजा’स (१९३२) गोविंदराव टेंब्यांनी, ‘संत तुकाराम’ला (१९३६) केशवराव भोळ्यांनी व ‘माणूस’ला (१९३९) मास्टर कृष्णरावांनी संगीत दिले, सावंतवाडीकडून आलेले वसंत देसाई याच घरात उमेदवारी करून शिकले. त्या काळी चित्रसंस्थेतील संगीतकार हा बहुधा पगारी असे. चाल धन्याची, पण महिन्याचे अन्नही धन्याचे. हा सौदा उत्तम होता असे आम्ही म्हणत नाही. पण त्यास दोन बाजू होत्या. पुढे त्या संस्था मोडल्या, पगार गेला, संगीतकार मोकळा झाला. म्हणजे उपाशी राहण्यास मोकळा झाला. धनीपण मात्र निर्मात्यापाशी जसेच्या तसे राहिले.

कायद्यानेही पुष्कळ वर्षे त्याचीच पाठराखण केली. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याची व्याख्याच अशी होती की, छापलेले, लिहिलेले वा चिन्हांत उतरविलेले संगीत तेच ‘संगीतकृती’. आमच्या आंब्याच्या दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला, तो अंबाजोगाईस अद्याप जपला जातो. त्यांनी पदेही अपार लिहिली. परंतु पदांच्या चाली पासोडीवर मावत नाहीत, त्या कंठातून कंठात जातात. ज्या देशात संगीत असे कंठात नांदते, तेथे कागद नाही म्हणून कृती नाही असे म्हणणे, हे कपाळी कुंकू नाही म्हणून बाई जन्मलीच नाही असे म्हणण्यासारखे होते. ही व्याख्या बदलण्यास १९९४ ची दुरुस्ती यावी लागली. मध्यंतरी १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी चाल करविली, आणि करारात उलट अट नसली, तर तिचा पहिला मालक निर्माताच. अखेर २०१२ साली संसदेने कायदा वळविला: चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून अन्य मार्गांनी चालीचा जो उपयोग होईल, त्याच्या स्वामित्वधनात संगीतकाराचा व गीतकाराचा समान वाटा राहील, आणि हा वाटा त्यांस सही करूनही निर्मात्यास देऊन टाकता येणार नाही.

यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, जोखीम निर्मात्याची, म्हणून फळही त्याचेच. ठीक, चित्रपटगृहाचे उत्पन्न कायद्याने त्याच्यासाठी राखलेच आहे. परंतु चित्रपट उतरल्यावर वर्षानुवर्षे जे वाजत राहते ते कोणाच्या बळावर? पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’ १९५१ चा. त्याची कथा आज कितीकांस सांगता येईल? चाली मात्र पुष्कळांच्या ओठांवर आहेत. तेथे जोखीम आहे ती चालीची, आणि ती तिने केव्हाच जिंकली आहे.

दुसरा आक्षेप पंडितांचा. चित्राच्या वा खेळाच्या ताबेदारीत राहणारे संगीत हे संगीतच नव्हे, तेव्हा त्याचा हक्क कसला, असे ते विचारतात. त्यांनी एकदा गोंधळास बसावे. संबळ वाजविणाऱ्याची नजर निरूपण करणाऱ्याच्या मुखावर असते. कथा लांबली तर तो ठेका घोळवितो, रणाचा प्रसंग आला तर चढवितो, आणि हे सर्व सांधा न दिसता करितो. खेळाच्या संगीतकारास हेच साधावे लागते. खेळणारा एका दालनात किती वेळ रेंगाळेल हे त्यास ठाऊक नसते. म्हणून तो संगीताचे थर निरनिराळे रचितो, आणि संकट जवळ येताच एक थर दुसऱ्यावर असा चढतो की जोड ऐकू येऊ नये. ही ताबेदारी असेल तर कीर्तनातला मृदंगीही ताबेदारच ठरेल. जपानच्या कोजी कोंडो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ’ या खेळास दिलेली चाल अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०२३ साली जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत घेतली. आणि आपल्या पुण्यात? तेथील एका संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा दुर्गेच्या कथाविश्वावरील सुंदर खेळ प्रसिद्ध केला. त्याचे संगीतकार लिनोस त्झेलोस हे ग्रीक. गुणास देश नसतो, त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु ज्यांच्या अंगणात संबळ वाजतो त्यांच्या मुलांस हे दार आपले वाटत नाही, याचा काही दोष त्या पंडिती नाक मुरडण्याकडे जातो.

तिसरा आक्षेप असा की, सही स्वखुशीने केली, आता रडणे कशास? उचल घेणाराही स्वखुशीनेच अंगठा उठवितो. भुकेची खुशी ही खुशी नव्हे, हे ओळखूनच संसदेने तो वाटा अदेय ठरविला. दुःख एवढेच की त्या कायद्यात चित्रपटाचे नाव आहे, ध्वनिमुद्रणाचे आहे. संगणकावरील खेळाचे नाही. आणि करार परदेशच्या कायद्याखाली लिहिला गेला, तर आंब्याच्या मुलाने दाद मागावी कोठे?

आता संगीतकारांसही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. ज्या चालीवर तुम्ही हक्क सांगता, तिच्यात हलगीवाल्याचा ठेका, वाघ्यामुरळीची लकेर, जात्यावरच्या बाईची ओवी किती, हे तुम्हांस चांगले ठाऊक असते. तिच्यापुढे ‘पारंपरिक’ असा एक शब्द लिहिला की तुमचे मन निश्चिंत होते. ‘पारंपरिक’ हा तुमचा ‘कोयता’ आहे. त्यात माणसाचे नाव बुडते. तेथे कायदा तुम्हांस धरीत नाही. पण निर्मात्यासही पुष्कळ वर्षे धरीत नव्हता, आणि तेव्हा तुम्ही त्यास चोर म्हणतच होता. ज्याच्याकडून चाल ऐकली त्याचे नाव, त्याचे गाव आणि आपल्या वाट्यातील काही भाग, एवढे दिल्याविना आपल्या मागणीस तोंड उरत नाही.

आमच्या मागण्या सरळ आहेत. खेळाच्या संगीतासही तो अदेय वाटा कायद्याने नाव घेऊन द्यावा. करार मराठीत समजावून दिल्यावाचून सही घेऊ नये. आणि आमच्यासारख्या मासिकांनी चित्रपटाचे परीक्षण लिहिताना नटांच्या गुणवर्णनात दोन पाने खर्चून संगीतास ‘संगीत ठीक’ ही दोन शब्दांची बिदागी देण्याची खोड सोडावी. शेवटची मागणी पुरी करण्यास संसदेची गरज नाही. ती पुढील अंकापासून अमलात येऊ शकते.